शिकारी कुत्र्याच्या पिल्लाची पारख

शिकारी कुत्रे दोन प्रकारांनीं काम करतात. आपल्या दख्खनच्या पठारावरील कारवानी कुत्रा सशाला डोळ्यांनीं टिपतो व पायांच्या बळावर गांठतो. युरोपांतील पॉइंटर जातीचा कुत्रा मात्र नाकावर विसंबून असतो. झुडपांत लपलेल्या तित्तिराचा वास येतांच तो जागच्या जागीं थिजतो. बहुधा एक पुढचा पाय उचललेला, शेपूट ताठ आणि नाक पक्ष्याच्या रोखानें. हा गुण पिढ्यान्पिढ्यांच्या निवडीनें रक्तांत उतरलेला आहे. परंतु अमुक पिल्लांत तो किती उतरला, हें आठ आठवड्यांच्या वयांत ओळखतां येईल काय? प्रश्न क्षुल्लक नाहीं. पसंत केलेलें पिल्लूं दहा-बारा वर्षें घरांत राहतें. नापसंत ठरलेल्याची पुढें काय गत होते, हें सर्वांस ठाऊक आहे.

शिकाऱ्यांचा एक जुना खेळ असा : काठीला दोरी व दोरीला पक्ष्याचा पंख बांधून तो पिल्लासमोर नाचवावयाचा. प्रथम पिल्लूं त्यावर झडप घालतें. पंख कांहीं वेळां निसटला म्हणजे तें दबकत पुढें येतें आणि एकाएकीं पुतळ्यासारखें उभें राहतें. पाहणारे टाळ्या वाजवितात आणि सौदा ठरतो! पण येथेंच घाई होते. पिल्लानें पंख डोळ्यांनीं पाहिला; नाकाची परीक्षा झालीच नाहीं. शिवाय हा खेळ वारंवार खेळल्यास डोळ्यांवरच भिस्त ठेवण्याची खोड लागते. म्हणून जाणते लोक एकदोनदां पंख दाखवितात व ठेवून देतात.

नाकाची परीक्षा निराळी. मांसाचा तुकडा दोरीनें गवतांतून ओढीत न्यावा, शेवटीं लपवावा आणि पिल्लाला आरंभाच्या जागीं एकटें सोडावें. तें नाक खालीं घालून माग काढतें, कीं नुसतें हुंदडतें? वळणावर माग सुटला तर मागें फिरून शोधतें, कीं नाद सोडतें? मला विचाराल तर ही चिकाटी तीव्र नाकापेक्षांही मोलाची. घरच्या गांवठी पिल्लावर भाकरीच्या तुकड्यानें हा प्रयोग खुशाल करून पाहावा. मात्र नुकतेंच दूध प्यालेलें पिल्लूं आळसावतें व भुकेलेलें हुशार भासतें; यास्तव निरनिराळ्या दिवशीं पुनःपुन्हां पाहिल्यावांचून निकाल देऊं नये.

धीटपणाचेंही तसेंच. दूर अंतरावर पातेल्याचें झांकण पाडलें तर पिल्लूं दचकणारच. दचकल्यानंतर तें किती लवकर हुंगावयास परत येतें, एवढेंच पाहावें. बंदुकीचा बार त्याच्याजवळ कदापि करूं नये. आवाजाची कायमची धास्ती पुष्कळदां मनुष्यच निर्माण करतो. पिल्लाचे डोळे सुमारें दोन आठवड्यांनीं उघडतात व कान त्यानंतर. अमेरिकेंतील स्कॉट व फुलर या शास्त्रज्ञांनीं १९६५ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, साधारण तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसाशीं स्नेह जुळण्याचा असतो. त्या काळांत ज्याला मनुष्याचा हात लागला नाहीं, तें पिल्लूं बुजरें निघतें. म्हणजे ज्याला आपण भित्रा स्वभाव म्हणतों, तो पाळणाऱ्याची हयगयही असूं शकेल.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस आळा घातला. जर्मनींत मात्र आजही तरुण शिकारी कुत्र्यांची रीतसर परीक्षा वसंत ऋतूंत होते, तीही कुत्रा सुमारें एक वर्षाचा झाल्यावर. दृष्टीआड झालेल्या सशाचा माग काढणें आणि नाक यांचे गुण दुप्पट धरतात. शोध घेण्याची रीत, पक्ष्यासमोर स्थिर उभें राहणें व मालकाशीं एकचित्त असणें यांचे एकेरी. या निकालांवरून पिल्लाच्या आईबापांचीही पारख होते. म्हणून आठ आठवड्यांचें पिल्लूं घ्यावयाचें झाल्यास, आधीं त्याचे आईबाप रानांत काम करतांना पाहावेत. मग त्या वेतांतील जें पिल्लूं आपणहून जवळ येऊन बोटें हुंगतें, तें उचलावें.