मुक्या ‘के’ची साक्ष

इंग्रजी शब्दाच्या आरंभीं ‘के’ व ‘एन’ हीं अक्षरें जोडून आलीं म्हणजे ‘के’चा उच्चार होत नाहीं. ‘नाइफ’ म्हणजे सुरी, ‘नी’ म्हणजे गुडघा, ‘नो’ म्हणजे जाणणें. लिहितांना हा ‘के’ गळाला, तर मात्र अनर्थ होतो: ‘नाइट’ म्हणजे शिलेदार, त्याची रात्र होते, ‘नॉट’ म्हणजे गांठ, तिचा नकार होतो. म्हणून आम्हां विद्यार्थ्यांस हें अक्षर जाचक वाटतें.

परंतु तें निरर्थक नाहीं. प्राचीन इंग्रजींत हा ‘क’ स्पष्ट उच्चारीत असत. सतराव्या-अठराव्या शतकांच्या सुमारास तो बोलण्यांतून लोपला. लेखनांत मात्र राहिला. जर्मन लोक गुडघ्यास आजही ‘क्नी’ म्हणतात. संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषांचें मूळ एक असावें, असें सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास प्रतिपादिलें. इंग्रजीही त्याच कुळांतील. म्हणूनच ‘नो’ व आपलें ‘जाणणें’, ‘नी’ व संस्कृत ‘जानु’ हे सगोत्र शब्द होत. तेथील ‘क’ तोच येथील ‘ज’.

तेव्हां, विद्यार्थिबंधुभगिनींनो, मुक्या ‘के’स वैरी न मानतां दूरचा आप्त समजावें. नातें उमगलें म्हणजे घोकंपट्टीचें ओझें सहज हलकें होतें.