मुंबईत नाटक बघायचंय, पण कुठलं आणि कुठे?

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी परभणीहून मुंबईत आलो. मुलुंडला राहतो. गावी वर्षाकाठी एखाददुसरं नाटक यायचं, त्यामुळे निवडायचा प्रश्नच नव्हता. जे येईल ते बघायचं. इथे पेपरात नाटकांच्या जाहिरातींची एवढी गर्दी असते की डोळे फिरतात. एकच नाटक शनिवारी बोरिवलीला, रविवारी दुपारी दादरला आणि रात्री ठाण्याला, हे कसं काय? मागच्या महिन्यात एका गाजलेल्या नाटकाला गेलो, शेवटच्या रांगेतली तिकिटं मिळाली आणि खरं सांगायचं तर कंटाळलो. आठ वर्षांची मुलगी झोपून गेली. आमची निवड चुकली, की आम्हालाच नाटक कळत नाही?

उत्तर : तुमच्या पत्रातले मला महत्त्वाचे वाटलेले शब्द दोनच आहेत : 'शेवटच्या रांगेतली'. नाटक तुम्हाला कळतं, आणि ते नाटकही बहुधा चांगलंच असणार.

हे मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या नाट्यगृहात, बाल्कनीखाली अगदी मागे बसून मी एक दोन पात्रांचं नाटक पाहिलं. वाक्यांचे शेवट ऐकू येत नव्हते. चेहरे म्हणजे नुसते फिकट ठिपके. पुढचे हसले की कशाला हसले म्हणून शेजारी विचारायचं, तोवर पुढचं वाक्य निघून गेलेलं. घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं, नाटक फसलंय. सहा महिन्यांनी एका मैत्रिणीने तेच नाटक, तोच नटसंच, एका आटोपशीर नाट्यगृहात पाचव्या रांगेतून बघायला नेलं. दुसऱ्या अंकात त्यातली बाई काही न बोलता टेबलावरची ताटं उचलते, एवढंच. मला रडू आवरेना. पहिल्या वेळी हा प्रसंग माझ्या लक्षातसुद्धा आला नव्हता. तेव्हापासून नाटक निवडायला जेवढा वेळ देते तेवढाच त्याचा प्रयोग निवडायला देते. कुठल्या नाट्यगृहातला, किती वाजताचा, आणि खुर्ची कितव्या रांगेतली.

आणि हे निवडणं मुंबईत शक्य आहे, ते तुम्हाला कोडं पडलंय त्याच पद्धतीमुळे. लंडनला नाटक एकदा एका थिएटरात उतरलं की तिथेच मुक्काम ठोकतं. अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' १९५२ साली तिथे आलं आणि १९७४ पासून, करोनाकाळाचा खंड सोडला तर, सेंट मार्टिन्स या एकाच थिएटरात होत आलंय. आपल्याकडे नाट्यगृह कुणा एका नाटकाचं नसतं. विलेपार्ल्याचं दीनानाथ मंगेशकर, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, तुमच्या मुलुंडचं कालिदास ही मुंबई महापालिकेची. ठाण्याचं गडकरी रंगायतन आणि घाणेकर, वाशीचं विष्णुदास भावे, कल्याणचं अत्रे रंगमंदिर ही त्या त्या महापालिकांची. प्रभादेवीचं रवींद्र नाट्यमंदिर राज्य सरकारचं, माटुंग्याचं यशवंत नाट्यमंदिर नाट्य परिषदेचं. इथल्या तारखा निर्मात्यांना आगाऊ वाटून दिल्या जातात, त्याही सत्रांच्या हिशेबाने. त्यामुळे दादरच्या शिवाजी मंदिरात एकाच रविवारी सकाळी एक, दुपारी दुसरं आणि रात्री तिसरं नाटक होऊ शकतं. मधल्या वेळात पहिल्याचं नेपथ्य उतरवून दुसऱ्याचं उभं करायचं. भिंती, दारं, जिना, सोफा, सगळं टेम्पोतून येतं आणि बॅकस्टेजची मंडळी ते बघता बघता जोडतात. 'तो मी नव्हेच' हे १९६२ सालचं अत्र्यांचं नाटक फिरत्या रंगमंचावर होत असे आणि प्रभाकर पणशीकर तो रंगमंच घेऊन दौरे करत. पडदा उघडायच्या आधी किती हातांनी काम केलेलं असतं, हे मुलीला जरूर सांगा.

यातून तुमच्या फायद्याची गोष्ट अशी निघते की नाटक तुमच्याकडे चालत येतं. दादरला हुकलं तर पुढच्या पंधरवड्यात कालिदासला किंवा गडकरीला लागेल. म्हणून मिळेल ती शेवटची रांग पदरात पाडून घेऊ नका. थांबा.

आता जाहिरात कशी वाचायची ते सांगते. आपली नजर आधी फोटोतल्या चेहऱ्याकडे जाते, विशेषतः तो मालिकेतला असला तर. मी आधी लेखक आणि दिग्दर्शक बघते. एखाद्या लेखकाचं एक नाटक मनात राहिलं असेल तर त्याचं दुसरं डोळे मिटून बघावं. त्यानंतर प्रयोगाचा आकडा. शुभारंभाच्या प्रयोगाला एक वेगळीच थरथर असते, ती अनुभवावी, पण तेव्हा नाटक अजून मुरलेलं नसतं. हशा कुठे येणार, टाळी कुठे थांबणार, हे नटांना प्रेक्षकच शिकवतात. माझी पसंती पंधराव्या-विसाव्या प्रयोगानंतरच्या प्रयोगाला. जाहिरातीत 'फक्त २५ प्रयोग' असं दिसलं तर मात्र वाट बघू नका. जुनी नाटकं पुन्हा येतात ती बरेचदा अशी मोजून येतात. प्रशांत दळवींचं 'चारचौघी' १९९१ सालचं. २०२२ मध्ये मूळ दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णींनीच ते नव्या संचात आणलं, आणि ज्या मुलींचा १९९१ साली जन्मही झाला नव्हता त्या ते आपापल्या आयांना घेऊन बघत होत्या.

जाहिरातीपेक्षाही माझा भरवसा नाटक बघून आलेल्या माणसावर. 'वस्त्रहरण'ची गोष्ट रंगभूमीवर नेहमी सांगितली जाते. १९८० साली मच्छिंद्र कांबळींनी हे मालवणी नाटक व्यावसायिक रंगभूमीवर आणलं तेव्हा सुरुवातीला ते चालेना. मग पु. ल. देशपांड्यांनी ते पाहिलं, मनापासून हसले आणि कौतुकाचं पत्र धाडलं. ते पत्र लोकांसमोर आलं आणि गर्दी लोटली. पुढे या नाटकाचे पाच हजारांहून जास्त प्रयोग झाले. आपल्याला पुलंचं पत्र येणार नाही, पण ज्याची आवड आपल्याशी जुळते असा एक माणूस हेरून ठेवावा, ऑफिसातला, सोसायटीतला. त्याने 'बघा' म्हटलं की बघावं. 'कसं आहे?' असं न विचारता 'कुठला प्रसंग आठवतो?' असं विचारा. चटकन एखादा प्रसंग सांगता आला तर नाटकात काहीतरी आहे.

जागेबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमचं घोडं तिथेच अडलंय. पहिल्या रांगा सगळ्यांत महाग असतात, पण पहिलीच रांग सगळ्यांत चांगली असं नाही. तिथे मान वर करून बसावं लागतं आणि एका टोकाचं पात्र बघताना दुसरं सुटतं. घरातल्या माणसांचं, बोलण्यावर चालणारं नाटक असेल तर चौथी ते आठवी रांग, मधल्या खुर्च्या. बाल्कनीखालच्या शेवटच्या चार-पाच रांगा टाळा, तिथे आवाज दबतो. त्यापेक्षा बाल्कनीची पहिली रांग कितीतरी बरी, शिवाय स्वस्त. समूहाच्या हालचालींवर उभं असलेलं नाटक तर मी मुद्दाम वरूनच बघते. 'घाशीराम कोतवाल'मध्ये ब्राह्मणांची रांगच पडदा होते, उघडते, मिटते. ती नक्षी खालून अर्धीच दिसते. प्लॅन उघडला, म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली, की पहिल्या-दुसऱ्या दिवशीच तिकीट काढा. बुक माय शो, तिकिटालय अशी ॲप आहेतच. पण पहिल्या खेपेला तरी नाट्यगृहाच्या खिडकीवर जा. खिडकीवरच्या माणसाला विचारलंत की 'या नाटकाला कुठे बसू?', तर बहुतेकदा तो मनापासून सांगतो. त्याने शेकडो प्रेक्षकांचे चेहरे बाहेर पडताना पाहिलेले असतात.

मोठ्या नाट्यगृहांपलीकडेही मुंबईत पुष्कळ आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकांची जी चळवळ चालवली, तिथून आलेले लेखक, नट, दिग्दर्शक आज व्यावसायिक रंगभूमीवरही भेटतात. ते सभागृह नाटकांपुरतं केव्हाच मिटलं, पण प्रायोगिक नाटक थांबलेलं नाही. जुहूचं पृथ्वी थिएटर हिंदी-इंग्रजीचं, असं मानून बरेच मराठी लोक तिकडे फिरकत नाहीत. हे चुकीचं आहे. ५ नोव्हेंबर १९७८ ला ते सुरू झालं ते गो. पु. देशपांड्यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा' या मराठी नाटकाच्या हिंदी प्रयोगाने, आणि ५ नोव्हेंबर म्हणजे आपला मराठी रंगभूमी दिन. खुर्च्या दोनशेच्या आसपास, रंगमंचाच्या तीन बाजूंना प्रेक्षक. तिथे शेवटची रांगही जवळच असते. हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेच्या फेऱ्या असतात, तिकीट नाममात्र. काही नाटकं कच्ची निघतील, पण एखादं असं निघतं की त्यानंतरच्या चर्चेत 'मी ते स्पर्धेत पाहिलं होतं' असं अभिमानाने सांगता येतं. चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका स्पर्धा २५ जानेवारीच्या रात्री सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. मुलगी मोठी झाली की तिला नक्की न्या.

आत्ता तिला बालनाट्याला न्या. मोठ्यांच्या अडीच तासांच्या नाटकात आठ वर्षांचं मूल झोपलं तर त्यात तिचा काही दोष नाही. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण स्टेजवर आली की सभागृहातली पोरं एकदम किंचाळतात, आणि पुढच्या क्षणी खदखदून हसतात. सुट्टीत बालनाट्यं जास्त लागतात. प्रयोग सकाळचा किंवा दुपारचा घ्या, आणि मुलीला जेवू घालून न्या.

आणखी एक, मुलुंडकर म्हणून. रविवारी मध्य रेल्वेवर बहुधा सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान मेगाब्लॉक असतो. दुपारी चारच्या प्रयोगाला दादर गाठायचं तर तासभर आधी निघा. लवकर पोहोचलात तर छबिलदासच्या गल्लीतला बटाटावडा खायला वेळ मिळेल.

प्रश्न : एका छोट्या नाट्यगृहात आम्ही फक्त तीन मिनिटं उशिरा पोहोचलो, तर आत सोडलं नाही. तिकिटाचे पैसे भरलेले असताना हे योग्य आहे का?

उत्तर : तुमचा राग समजतो, मुंबईच्या रस्त्यावर तीन मिनिटं कशी जातात ते मलाही ठाऊक आहे. तरी माझं मत त्या नाट्यगृहाच्या बाजूने आहे. शंभर-दोनशे माणसांच्या जागेत दार उघडलं की बाहेरचा उजेड थेट नटाच्या अंगावर पडतो. काही नाटकांत तर पात्रं प्रेक्षकांच्या वाटेनेच येतात. सुरुवातीच्या अंधारात नट जी शांतता बांधत असतो ती एकदा मोडली की पुन्हा जुळायला वेळ लागतो, आणि तोवर वेळेवर आलेल्या सगळ्यांचं नाटक बिघडतं.

तिसऱ्या घंटेची वेळ तुमच्या मनात असेल, ती पहिल्या घंटेची करून बघा. पहिल्या घंटेला खुर्चीत बसलं की पडद्यामागून उदबत्तीचा वास येतो, कुठेतरी खिळा ठोकल्याचा आवाज येतो, शेजारचे आजोबा आपण पाहिलेल्या 'नटसम्राट'बद्दल कुणाला तरी सांगत असतात. धावपळीतून आलेलं मन या दहा मिनिटांत निवतं. मोबाइल तेव्हाच बंद करावा, नुसता सायलेंट नको. अंधारात एक स्क्रीन उजळली तरी ती रंगमंचावरून दिसते, आणि मागच्या चार रांगांनाही.

प्रश्न : नाटक संपल्यावर कलाकारांना भेटायला आत गेलं तर चालतं का? की आगाऊपणा वाटेल?

उत्तर : चालतं, आणि जावं. मराठी रंगभूमीची ही फार लोभस रीत आहे. प्रयोग संपला की रंगपटात प्रेक्षक येतात, दोन शब्द बोलतात, नट घामेजल्या चेहऱ्याने ऐकून घेतात. पाच-दहा मिनिटं थांबून, दारावर विचारून जा. पुढचा प्रयोग लगेच असेल किंवा बस दुसऱ्या गावाला निघायची असेल तर मात्र आग्रह धरू नका. फोटोची घाई करू नका. 'छान झालं' यापेक्षा तुम्हाला भिडलेली एक जागा सांगा. 'तुम्ही पत्र न वाचता खिशात ठेवलंत ना, तिथे माझा श्वास अडकला होता,' असं. एवढं बारीक कुणी बघितलं याचा नटाला किती आनंद होतो, ते समोर दिसतं.

मुलुंडच्या ताईंनी बालनाट्य संपल्यावर मुलीला आत न्यावं. मघाशी जिला बघून ती किंचाळली, ती चेटकीण आरशासमोर अर्धा रंग पुसून बसलेली असेल, आणि कदाचित तिचं नावही विचारेल.