टब मागवण्याआधी

पोरी, तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. मंद दिवे, कोमट पाण्यात बसलेली बाई, नवरा पाठ चोळतोय, आणि घटकाभरात लेकरू पाण्यातून वर. मलाही बरं वाटलं पाहून. तू विचारतेस, "आत्या, माहेरी येऊन घरीच, टबात बाळंत होऊ का?" तुझी आई हे ऐकून गप्पच बसली आणि फोन माझ्या हातात दिला.

माझी उभी हयात उपकेंद्रात नर्स म्हणून गेली. वाड्या-तांड्यांवर जाऊन घरची बाळंतपणं केली आहेत, त्यामुळे घरी बाळंत होणं म्हणजे अडाणीपणा असं मी कधीच म्हणणार नाही. पण माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुला कोडं पडायला नको. कळा सोसायला पाणी हवं तेवढं घे. मूल मात्र पाण्यात नको, आणि तुझ्या बाबतीत घरीही नको.

पाण्याने कळा सोसवतात हे मला कुठल्या व्हिडिओने शिकवावं लागलं नाही. बंबात पऱ्हाट्या सारायच्या, बाईला नहाणीत पाटावर बसवायचं, दोन्ही हातांनी चौकट धरायला सांगायचं, आणि कळ आली की तांब्याने माकडहाडावर एकसारखी धार सोडायची. धार तुटू द्यायची नाही. कळ ओसरली की थांबायचं, तोंडाला पाणी लावायचं. ओठ चावत बसलेली बाई तिसऱ्या-चौथ्या तांब्याला खांदे सैल सोडायची. बाकी काही केलं नाही तरी एवढ्याने तिचा धीर टिकायचा.

टबाचा उगमही असाच आहे. फ्रान्समधल्या पिथिव्हिए गावच्या दवाखान्यात मिशेल ओदाँ नावाच्या डॉक्टरांनी 1970 च्या दशकात पाण्याचा हौद ठेवला, तो कळा हलक्या व्हाव्यात म्हणून. काही बायका ऐनवेळी बाहेर यायला तयार होईनात, त्या पाण्यातच बाळंत झाल्या. 1983 मध्ये ओदाँनी अशा शंभर बाळंतपणांची हकिकत 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापली आणि बोलबाला झाला. 2018 मध्ये 15 अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा एवढं दिसलं की कळांच्या पहिल्या टप्प्यात पाण्यात बसलेल्या बायकांना कमरेतल्या भुलीचं इंजेक्शन थोडं कमी लागतं. मूल पाण्यातच जन्मल्याने काही जादा फायदा होतो, असा पक्का पुरावा निघाला नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये हेच सांगितलं: दिवस भरलेल्या, धडधाकट बाईने पहिल्या टप्प्यात पाण्यात बसायला हरकत नाही, मूल बाहेर जन्मू द्या.

आता आपल्या घरचा हिशेब करू. तू दाखवलेला हवा भरायचा टब साधारण 650 लिटरचा. म्हणजे पाण्याचंच वजन साडेसहा क्विंटल, वर तू. माडीवर तो ठेवायचा विचारही नको, आपल्या जुन्या माळवदाच्या घरात तर नकोच. तू येणार पौषात. टाकीतलं पाणी तेव्हा वीस-बावीस अंशांचं असतं. टबातलं पाणी हवं 37 अंशांच्या आसपास, साडेसदतीसच्या वर मुळीच नाही, कारण आईचं अंग तापलं की पोटातल्या बाळाचे ठोके वाढतात. तेवढं पाणी कोमट करायला गिझरचं कढत पाणी किमान अडीचशे लिटर मिसळावं लागेल. आपला गिझर 25 लिटरचा. दहा वेळा तापवायचा, दर वेळी अर्धा तास धर, म्हणजे पाच तास, तेही लाईट गेली नाही तर. तोवर आधी ओतलेलं पाणी निवणार.

मग तू म्हणशील, आदल्या दिवशीच भरून ठेवू. ते तर त्याहून वाईट. कोमट साठवलेल्या पाण्यात जंतू पोसतात. 2014 मध्ये इंग्लंडात घरी आधीच भरून मोटरने गरम ठेवलेल्या टबात जन्मलेल्या बाळाला लेजिओनेला जंतूचा गंभीर आजार झाला, आणि तिथल्या आरोग्य खात्याने अशा टबांविरुद्ध लगोलग इशारा काढला. तिथलं नळाचं पाणी, आणि तरी ही गत. आपल्याकडे बोअरचं पाणी, नाहीतर टँकरचं, नि त्यात ग्रामपंचायतीने जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली तर टाकली. 2012-13 च्या दुष्काळात जालना शहराचा घाणेवाडी तलावसुद्धा आटला होता, माणसं टँकरमागे धावत होती. ते वर्ष पाहिलेल्या माणसाला एका बाळंतपणासाठी साडेसहाशे लिटर पाणी ओतायचं म्हटलं तर पोटात गोळा येतो. हे बोलणं तुला जुनाट वाटेल. वाटू दे.

पाण्याचा प्रश्न तरी पैशाने सुटेल. वाटेचा सुटत नाही. इंग्लंडात 2011 मध्ये 64,000 वर बाळंतपणांचा अभ्यास झाला. पहिलटकरीण बाईने घरी बाळंत व्हायचं ठरवलं, तर शंभरातल्या 45 जणींना कळा चालू असताना किंवा बाळंत झाल्या झाल्या दवाखान्यात हलवावं लागलं. बाळाला गंभीर इजा किंवा मृत्यू हजारी पाचाच्या जागी नऊ झाला. दुसऱ्या खेपेच्या बायकांत हा फरक दिसला नाही, हेही खरं. पण तू पहिलटकरीण आहेस. आणि तिथे शिकलेली सुईण घरात हजर, अॅम्ब्युलन्स दाराशी, दवाखाना जवळ. आपण मंठ्याच्या पलीकडे. सीझर आणि रक्ताची पिशवी दोन्हीची खात्री हवी तर जालना गाठायचं, म्हणजे तास-सव्वा तास. तिथूनही पुढे पाठवलं तर घाटीचा मोठा सरकारी दवाखाना, आणखी साठ किलोमीटर. ठोके कमी झालेलं बाळ एवढा वेळ थांबत नाही.

रक्ताचंही तसंच. बाळंतपणानंतर अर्ध्या लिटरहून जास्त रक्त गेलं की धोका सुरू होतो. कोरड्या चादरीवर किती गेलं त्याचा निदान अंदाज येतो. टबात पेलाभर रक्ताने सगळं पाणी लाल होतं, नि लिटरभर गेलं तरी लालच. मूल झाल्याबरोबर मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचं असतं, ते फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, आणि द्यायला जाणता हात लागतो. बाई चक्कर येऊन पाण्यात कलंडली तर ओल्या अंगाचं माणूस एकट्या नवऱ्याच्याने उचलत नाही. चार जण नि चादर लागते. बाळाला घाईने वर ओढलं तर नाळ ताणून तुटते, हे पाण्यातल्या बाळंतपणात घडलेलं आहे.

तू म्हणशील, पूर्वी सगळ्या घरीच होत होत्या की. होत होत्या, आणि मरतही होत्या. घरचं बाळंतपण सुधारणारी माणसं आपल्याच महाराष्ट्रात झाली. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने 1970 पासून गावच्या, फारशा न शिकलेल्या बायकांना तयार केलं. गडचिरोलीत बंग डॉक्टरांच्या 'सर्च'ने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन त्यांचे मृत्यू निम्म्याहून कमी केले, ते 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. त्यांच्याकडे टब नव्हता. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड नवं, दोरा उकळलेला, नाळेला काही लावायचं नाही, आणि अवघड बाई वेळेत ओळखून पुढे पाठवायची, एवढ्यावर ते उभं होतं. तशी जाणती बाई आज तुला आपल्या गावात कुठून आणू? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. दाया म्हाताऱ्या झाल्या, गेल्या. त्यांच्या सुनांनी ते काम उचललं नाही. घरी आता टब मिळेल, पण त्याच्या काठाशी बसणारी जाणती बाई मिळणार नाही.

पाण्याची हौस फारच असेल तर कोची, हैदराबाद, गोवा इकडे त्यासाठीची केंद्रं आहेत. जा, चौकशी कर, सुईण किती शिकलेली आणि सीझरचा दवाखाना किती मिनिटांवर ते विचार. पण रक्तदाब, साखर, जुळं, पायाळू, आधीचं सीझर, ताप, रक्तस्राव, 37 आठवडे पुरे नसणं, यातलं एक जरी असलं तर तेही तुला पाण्यात घेणार नाहीत. घेतलं तर तिथून निघून ये.

आता खरं बोल. तुला टब हवाय की लेबर रूममधलं ओरडणं नकोय? मैत्रिणींकडून काय काय ऐकलंयस ते मला ठाऊक आहे. एकटीला टेबलावर आडवं केलं, कळवळली तर "तेव्हा नाही का कळलं" म्हणून टोचून बोलल्या. हे होतं, माझ्याच पेशातल्या बायकांनी केलंय, आणि ते साफ चूक आहे. पण त्याला उपाय आहे. 2016 पासून केंद्र सरकारची मार्गदर्शक सूचना आहे की सरकारी दवाखान्यात कळा देताना बाईजवळ तिची एक सोबतीण बसू शकते, शक्यतो स्वतः बाळंतपण सोसलेली. जालन्याला गांधी चमनच्या महिला रुग्णालयात जायचं असो की खाजगीत, सातव्या महिन्यातच जाऊन तोंडावर विचार: सोबत माझी आत्या बसेल का? कळा येताना चालू-फिरू द्याल का? उगाच ड्रिप लावून कळा वाढवणार नाही ना? जिथे नीट उत्तर मिळेल तिथे नाव घाल.

आणि पाणी सोडू नकोस. सुरुवातीच्या कळा घरीच येऊ दे, नहाणीत स्टुलावर बस, मी धार धरते. पाणी मनगटावर सोसवेल इतपतच, कढत नको. पाठीला गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून लाव. घोट घोट पाणी पीत राहा. पण पाणमोट फुटली, पाणी हिरवट गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली, किंवा कळा पाच-पाच मिनिटांवर आल्या, की नहाणं बंद, गाडी काढायची. गाडी नसेल तर 108 किंवा 102. सरकारी दवाखान्यात 2011 च्या जननी-शिशू योजनेप्रमाणे जाणं, बाळंतपण, सीझर, औषध, जेवण आणि घरी परत सोडणं, सगळं फुकट आहे. कोणी पैसे मागितले तर पावती माग. आणि बाळंत झाल्यावर 48 तास तिथून हलू नकोस, तुझ्या सासूबाईंना बाजेखाली शेगडी ठेवायची कितीही घाई असली तरी.

तुझं हिमोग्लोबिन मागच्या महिन्यात साडेनऊ होतं. अकराच्या आत ठीक नाही. टबापेक्षा मला त्याची जास्त काळजी आहे. लोहाची गोळी चहाबरोबर घेतेस, ते बंद कर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घे.  येत्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात जाऊन ये. दर महिन्याच्या नऊ तारखेला तिथे गरोदर बायकांना डॉक्टर फुकट तपासतात, आणि रक्ताचा नवा आकडा मला त्याच दिवशी फोन करून सांग.