पाचची बस गेल्यावर गावात कोण उरतं?

बेटा, केंद्रप्रमुख झालीस, आता तुझ्या केंद्रातल्या सगळ्या शाळांची आपत्ती समिती बांधायची आहे. कागदावर नावं भरायला अर्धा तास पुरतो. मुख्याध्यापक अध्यक्ष, कोणी एक गुरुजी सचिव. पण पाचची बस गेल्यावर त्यातलं कोण गावात असतं, ते आधी पाहा. अप-डाउन करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. गावात भाड्याची खोली मिळाली तर ना! पण यादी उलटी लिही. आधी खिचडी शिजवणारी बाई, आशाताई, पोलीस पाटील, ट्रॅक्टरवाला, शाळा व्यवस्थापन समितीतले दोन पालक. गुरुजी त्यानंतर. भामरागडकडे माडिया बोलणारं एक माणूस हवंच. घाबरलेलं पहिलीतलं लेकरू मराठीत कितीही सांगा, जागचं हलत नाही.

आश्रमशाळेत रात्रीची माणसं वेगळी नेम. मण्यार रात्रीच फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, फारसं दुखत नाही, कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोरगं म्हणतं, पोट दुखते. थोड्या वेळानं पापण्या उचलेनाशा होतात. तेव्हा ओवा देऊन परत झोपवलं, तर पोरगं हातचं गेलं. अधीक्षक, स्वयंपाकी, कामाठी, तिघांना हे पाठ पाहिजे. दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, पुजाऱ्याकडे न्यायचं नाही. चालू द्यायचं नाही, उचलून न्यायचं. १०८ला फोन करायचाच. पण गाडी लांब असेल तर गावातली जीप कोणाची आणि चालवणार कोण, हे आधी ठरलेलं असावं. सर्पदंशाची लस जवळच्या कोणत्या दवाखान्यात आहे, ते जूनमध्ये स्वतः जाऊन विचार. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली, तर हिवतापासोबत मण्यारही बाहेर राहते.

पुराचं म्हणशील, तर आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहून ठरवू नको. २०२०च्या ऑगस्टअखेर पाऊस वर मध्य प्रदेशात पडला, गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि वैनगंगेनं ब्रह्मपुरी, आरमोरीकडची गावं वेढली. म्हणून नदीकाठच्या शाळेनं तहसीलमधून विसर्गाचा निरोप कोण घेणार, ते नाव पक्कं करावं. हजेरीपट, दाखल्यांची नोंदवही वरच्या फळीवर. तिकडे पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागड तुटतं. तिथल्या वसतिगृहात धान्य, औषधं आणि सरपण मृगाआधीच भरलेलं हवं. सरपण सगळेच विसरतात.

मार्च-एप्रिलात आई-बाप पहाटेच मोहफुलं वेचायला जंगलात जातात. पोराला शाळेतून घरी सोडायचं झालं तर द्यायचं कोणाच्या हाती? प्रत्येक नावापुढे घरी असणाऱ्या आजीचं, काकीचं नाव लिहून ठेव.

घंटाही दोन तऱ्हांची ठेव, सुटीची वेगळी, वर्गात थांबायची वेगळी. नाहीतर वाघ फाटकापाशी आणि पोरं सुटीच्या खुशीत बाहेर! सिंदेवाही, मूलकडे ही गंमत नाही. वाघ दिसला की अख्खं गाव पाहायला धावतं; तेव्हा फाटक लावून वनरक्षकाला कळवणारा एकच माणूस ठरव.

आणि फोन नंबरांची यादी भिंतीवर चिकटवून थांबू नको. आपल्याकडे रेंज एखाद्या टेकाडावरच लागते. ती जागा वहीत लिही, आणि रात्री बॅटरी घेऊन तिथवर कोण जाईल तेही.