घरच्या होडीची सिद्धता

आषाढाच्या दिवसांत गोव्यातील खाड्यांच्या काठाने गेले असता माडांच्या सावलीत, झापांच्या आडोशाखाली, लाकडी ठोकळ्यांवर टेकविलेल्या लहान होड्या जागोजाग दृष्टीस पडतात. समुद्र या काळात खवळलेला असतो आणि यांत्रिक बोटींच्या मासेमारीस १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत सरकारी बंदीही असते. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण केला की लहान होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. तत्पूर्वीचे हे दिवस म्हणजे होडीच्या डागडुजीचे व जुळवाजुळवीचे दिवस होत. हे काम बहुधा घरच्या अंगणातच, घरच्याच माणसांच्या हातून होते.

विद्यार्थिमित्रांनो, आपणांपैकी कित्येकांच्या घरी हे काम दरवर्षी चालते. तरीही शाळेत शिकतो ती विद्या आणि अंगणात चालते ते केवळ कष्टाचे काम, असा एक गैरसमज आपल्या मनात घर करून असतो. तो किती निराधार आहे, हे या लेखात दाखविण्याचा आमचा प्रयत्न आहे. होडी सिद्ध करणे म्हणजे तिला रंग देणे नव्हे. पाणी आत येऊ नये म्हणून काय करावे? होडी उलटू नये म्हणून काय करावे? आणि इतके करूनही संकट आलेच, तर माणूस घरी परत कसा येईल? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत होडी सिद्ध झाली असे म्हणता येत नाही.

उदाहरणादाखल पाच मीटर लांब व ८० सेंटिमीटर रुंद अशी एक उलांडीची लाकडी होडी डोळ्यांसमोर आणू.

प्रथम पाण्याचा विचार करू. फळ्यांमधील सांधे काथ्याने अगर कापसाने ठासून भरतात व वरून राळ आणि तेल यांचे मिश्रण चोपडतात. येथे एक मर्म ध्यानात ठेवावे. लाकूड वाळले की आकसते आणि भिजले की फुगते. यास्तव होडी कडक उन्हात उघडी टाकू नये, सांधे उकलतात. तसेच कोरडेपणी सांधे अति ठासूनही भरू नयेत. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगते, फळ्यांना आपापसांत रेटा बसतो आणि खिळे सैल होतात. झापांची सावली हा केवळ आडोसा नव्हे. लाकूड बेताने, सावकाश वाळावे अशी ती योजना आहे.

खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. त्याला जहाजकिडा म्हणत असले तरी तो किडा नसून शिंपल्याच्या कुळातील मृदुकाय प्राणी आहे. त्याच्या प्रवेशाचे छिद्र टाचणीच्या डोक्याएवढे असते. आत मात्र बोगदेच्या बोगदे झालेले असतात. म्हणून तळाची प्रत्येक फळी हातोडीने हलके ठोकून पाहावी. भरीव फळीचा आवाज खणखणीत येतो, पोखरलेलीचा बद्द येतो. या उपद्रवावर माशाच्या यकृताचे तेल अथवा काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. टरफलांच्या तेलाने कातडी भाजते, हे मात्र विसरू नये. ते मुलांनी हाताळू नये.

खिळ्यांची निवड हा रसायनशास्त्राचा धडाच होय. समुद्राच्या पाण्यात तांबे आणि लोखंड एकमेकांस लागून राहिले की विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो व लोखंड झपाट्याने झिजते. इंग्रजांच्या ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळास १७६१ मध्ये तांब्याचा पत्रा ठोकला, तेव्हा थोड्याच वर्षांत त्याला लागून असलेले लोखंडी खिळे कुजून गेल्याचे आढळले. यास्तव एका होडीत दोन धातूंची सरमिसळ करू नये. खिळ्यांवाचूनही होडी होते, हे येथे सांगितले पाहिजे. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवण्याची विद्या पश्चिम किनाऱ्यावर फार जुनी आहे. तिच्याच आधारे गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले.

गळतीकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचा हिशोब करू. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर अडीच सेंटिमीटर व्यासाचे एक भोक आहे, असे समजा. त्यातून मिनिटास सुमारे ४० लिटर पाणी आत येते. म्हणजे दहा लिटरच्या बालदीने मिनिटास चार वेळा, क्षणाची उसंत न घेता, उपसत राहावे लागेल. मग वल्हे कोण मारणार?

आता तोलाचा विचार. होडी आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते, हे आर्किमिडीजचे तत्त्व आपण पाठ केले आहे. आपल्या होडीने पाण्याच्या पृष्ठभागावर व्यापलेले क्षेत्रफळ, दोन्ही टोकांची निमुळती बाजू वजा जाता, अदमासे २.८ चौरस मीटर भरेल. एक सेंटिमीटर खाली जाण्यास तिला २८ लिटर पाणी सारावे लागते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून किंचित जड असल्याने त्याचे वजन सुमारे २९ किलो होते. दोन माणसे १२० किलो, ओले जाळे ४० किलो, मासळी ६० किलो, नांगर व दोर २० किलो, मिळून २४० किलो. इतक्या भाराने होडी आठ सेंटिमीटरांहून थोडी अधिक बुडते. रिकाम्या होडीचा काठ पाण्याच्या वर ३५ सेंटिमीटर असेल, तर आता तो २७ सेंटिमीटरांहूनही कमी उरला. लाटेशी झुंजावयाचे ते एवढ्याच उंचीच्या बळावर. ‘आणखी एक माणूस बसला तर काय बिघडते?’ या प्रश्नास हे गणितच उत्तर देते.

वजन किती, याइतकेच ते कोठे, हेही महत्त्वाचे. जड वस्तू तळाशी व मध्यभागी असाव्यात. आणि उलांडी? ती तरफेच्या नियमाचे मूर्तिमंत उदाहरण आहे. उलांडीस पांगाऱ्यासारखे हलके लाकूड घेतात. अडीच मीटर लांब व १५ सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याचे वजन १३ किलो धरू. तो पूर्ण बुडाल्यास ४५ किलो पाणी सारतो. म्हणजे त्याचा वर उचलणारा जोर ३२ किलो. होडीच्या मध्यापासून तो दोन मीटरवर असल्यास त्याचे बळ ६४ झाले. साठ किलोचा माणूस त्या बाजूस ४० सेंटिमीटर सरकला, तर त्याचे बळ फक्त २४. उलांडी त्याला सहज सावरते. परंतु तोच माणूस विरुद्ध बाजूस सरकला, तर उलांडी पाण्याबाहेर उचलली जाऊ लागते आणि तिचे निव्वळ १३ किलो वजनच त्यास आवरून धरते. त्याचे बळ २६. होडीचा स्वतःचा तोल निराळा धरला, तरी फरक उघड आहे. म्हणून जाळे ओढताना सर्वांनी उलांडीच्या विरुद्ध काठावर कधीही जमू नये.

तिसरा प्रश्न संकटाचा. लाकडी होडी पाण्याने भरली तरी लाकूड पाण्याहून हलके असल्याने सहसा तरंगत राहते. आजकाल फायबरच्या होड्या पुष्कळ झाल्या आहेत. फायबर पाण्याहून जड असते. अशा होडीत बाकांखाली हवाबंद पोकळी असावी किंवा झाकण घट्ट लावलेले रिकामे डबे पक्के बांधावेत. वीस लिटरचा एक डबा सुमारे वीस किलोचा भार पेलतो. लाकडी होडीवर जड इंजिन बसविले असेल, तर हीच खबरदारी तिलाही लागू आहे.

नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडावा. दोर आखूड असला की ओढ वरच्या बाजूस बसते आणि नांगर उखडतो; लांब दोराची ओढ आडवी बसते व नांगर रुतून राहतो. नायलॉनचा दोर पाण्यात बुडतो व ताण सोसतो; पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो, म्हणून नांगरास पहिला बरा. पाणी उपसावयाचे भांडे, एक जादा वल्हे, विजेरी, शिटी, गोडे पाणी आणि जलरोधक पिशवीत भ्रमणध्वनी यांस प्रत्येकी ठरलेली जागा असावी. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक होडीच्या आतल्या बाजूस रंगानेच लिहून ठेवावा. माणसे जितकी, तितकी तरंगजाकिटे. आणि ती बाकाखाली नव्हे, अंगावर. मत्स्योद्योग खात्याकडील नोंदणीही हंगामापूर्वीच पाहून घ्यावी.

सर्व झाल्यावर होडी उथळ पाण्यात बांधून एक रात्र ठेवावी. लाकूड फुगून बारीक फटी मिटतात. सकाळी आत किती पाणी आले ते मोजावे. नंतर माणसांऐवजी वाळूची पोती भरून काठ किती खाली जातो ते पाहावे. पोती बुडाली तर वाळू जाते. माणसे बुडाली तर घर जाते.

ज्यांच्या घरी होडी आहे त्यांनी येत्या पावसाळ्यात पट्टी व वही घेऊन तिच्यापाशी बसावे. लांबी, रुंदी, काठाची उंची मोजावी, वरील गणित स्वतः करावे आणि आलेले उत्तर आजोबांस सांगावे. ‘यात दोनच माणसे बसावीत’ हे त्यांनी कोणत्याही पुस्तकावाचून कित्येक वर्षांपूर्वीच सांगितलेले असेल. आपले गणित आणि त्यांचा अनुभव एकाच उत्तरावर येतात असे दिसले, की दोहोंविषयीही आपला आदर वाढेल. उत्तरे जुळली नाहीत, तर होडी पाण्यात लोटण्यापूर्वी दोघांनी मिळून ती पुन्हा एकदा मोजावी.