ऐकीव माहितीवर परीक्षा देऊ नका, संपही करू नका

ग्रामीण डाक सेवक म्हणून टपाल खात्यात लागलेल्या प्रत्येकाला दोन बाजूंनी सल्ले मिळतात. घरचे म्हणतात, खात्याची परीक्षा दे, पोस्टमन हो, पोस्टल असिस्टंट हो, युनियनच्या नादाला लागू नकोस. सहकारी म्हणतात, सगळेच अभ्यासाला बसले तर आपल्या मागण्या मांडायच्या कुणी? मी दोन्ही केलं. कोकणातल्या एका शाखा डाकघरात मी शाखा डाकपाल होते. परीक्षा देऊन पोस्टमनच्या पदावर आले, पुढे पोस्टल असिस्टंट झाले. या सगळ्या काळात संघटनेचं काम सोडलं नाही. आज काउंटरवर बसताना आणि संघटनेच्या बैठकीला जाताना माझ्याजवळ तीच नियमांची पुस्तकं असतात. जे पाहिलं त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. या खात्यात माणसाचं सर्वांत मोठं नुकसान ऐकीव माहितीने होतं. संघटनेचंही आणि परीक्षार्थीचंही.

२२ मे २०१८ रोजी देशभरातले ग्रामीण डाक सेवक बेमुदत संपावर गेले. आमच्या वेतनाचा विचार करणाऱ्या कमलेश चंद्र समितीचा अहवाल नोव्हेंबर २०१६ मध्ये सरकारला सादर झाला होता आणि त्यावर निर्णय होत नव्हता. गावोगावची शाखा डाकघरं बंद राहिली. ६ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या वेतनरचनेला मंजुरी दिली. १ जुलैपासून चार तासांच्या शाखा डाकपालाला किमान १२,००० रुपये आणि पाच तासांच्या शाखा डाकपालाला १४,५०० रुपये टीआरसीए, म्हणजे कामाच्या तासांवर ठरणारा भत्ता, लागू झाला. सहायक शाखा डाकपाल आणि डाक सेवकांसाठी हे आकडे १०,००० आणि १२,००० होते. एकजुटीने काय मिळतं, हे तेव्हा आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

पण त्याच दिवसांत आमच्या भागात एक बातमी पसरली. संपात गेलेल्यांची सेवा खंडित झाली, आता त्यांना खात्याच्या परीक्षेचा फॉर्म भरता येणार नाही. आधी कुणी सांगितलं, ते कुणालाच माहीत नव्हतं. परिपत्रक कुणी पाहिलं नव्हतं. शेजारच्या गावचे शाखा डाकपाल वयाने मोठे, मी त्यांना दादा म्हणते. त्यांचा अभ्यास माझ्यापेक्षा चांगला होता. हिशेब कसा लिहायचा, बॅग कशी बंद करायची, हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांनी फॉर्म भरला नाही. "नामंजूर झाला तर रेकॉर्डला येईल, नकोच ते," एवढंच म्हणाले. पुढची परीक्षा लागली तेव्हा त्यांची वयोमर्यादा उलटून गेली होती. दादा आजही त्याच शाखा डाकघरात आहेत. परीक्षेला बसण्याचा त्यांचा हक्क कुठल्याही साहेबाने लेखी काढून घेतला नव्हता. एका अफवेने काढून घेतला.

त्या अफवेचं मूळ मला पुढे अभ्यास करताना सापडलं. केंद्र सरकारच्या मूलभूत नियमांत १७-ए हा नियम आहे. संपासारख्या सामूहिक कृतीत किंवा परवानगीशिवाय गैरहजर राहिल्यास तो काळ सेवेतला खंड मानता येतो, आणि विभागीय परीक्षेसाठी लागणाऱ्या सलग सेवेच्या गणनेत तो अडचण ठरू शकतो, असं हा नियम सांगतो. म्हणजे बातमी अगदीच हवेतली नव्हती. पण हा नियम नियमित कर्मचाऱ्यांसाठी आहे. त्यांच्याही बाबतीत असा आदेश काढण्याआधी कर्मचाऱ्याला आपलं म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे, असे सरकारचेच निर्देश आहेत. ग्रामीण डाक सेवकांना स्वतंत्र नियम आहेत. आमच्या भागात तर असा आदेश कुणाच्याही हाती पडला नव्हता. हा फरक सांगणारं एक माणूस जरी त्या वेळी बैठकीत असतं, तरी दादांनी फॉर्म भरला असता.

म्हणून पहिलं सांगणं. संपाची नोटीस निघाली की घोषणांच्या आधी नियम वाचा. संप, निदर्शनं यांबद्दल नियमित कर्मचाऱ्यांसाठी १९६४ च्या वर्तणूक नियमांत काय लिहिलंय, ग्रामीण डाक सेवकांच्या नियमांत काय लिहिलंय, ते आपल्या डोळ्यांनी पाहा. संप करण्याचा कायदेशीर किंवा मूलभूत हक्क कर्मचाऱ्यांना नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तमिळनाडूतल्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात म्हटलेलं आहे. संपाच्या दिवसांचे पैसे कापले जाऊ शकतात. हे सगळं माहीत असूनही संपात उतरायचं असेल तर जरूर उतरा. परिणाम माहीत असलेला माणूस मागे फिरत नाही आणि नंतर अफवेलाही घाबरत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. परीक्षेची वाट खरी कुठे अडते, ते ओळखा. ग्रामीण डाक सेवकांच्या नियमांत शिक्षांची यादी आहे. पोस्टमन किंवा पोस्टल असिस्टंटच्या भरतीपासून ठरावीक काळ दूर ठेवणं, ही त्यातली एक शिक्षा आहे. २०११ च्या नियमांत तिची मुदत तीन वर्षांपर्यंत होती. ही शिक्षा मी ज्यांच्या वाट्याला येताना पाहिली, ते गेटवर घोषणा देणारे नव्हते. त्यांच्या काउंटरवर गडबड होती. आरडीचा हप्ता घेतला, पासबुकात लिहिला आणि खात्यात दुसऱ्या दिवशी भरला. शेजारच्या आजींचं पासबुक त्यांच्या सोयीसाठी महिनोन् महिने कपाटात ठेवलं. मनीऑर्डर उद्या देऊ म्हणून ठेवली. मनात काही वाईट नसतं, गावातला विश्वास असतो. पण तपासणीला इन्स्पेक्टर साहेब आले की कागद बोलतो.

तेव्हा परीक्षेची तयारी काउंटरपासून सुरू होते, हे नीट समजून घ्या. घेतलेली रक्कम त्याच वेळी खात्यात नोंदवा. ग्राहकाचं पासबुक पावती दिल्याशिवाय ठेवून घेऊ नका. हातातली रोकड ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त झाली तर अकाउंट ऑफिसला पाठवा. मेमो आला तर तोंडी भांडण नको. मुदतीत, लेखी, मुद्देसूद उत्तर द्या आणि पोच घ्या. चार्जशीट मिळाली तर घाबरून कोऱ्या कागदावर सही करून मोकळे होऊ नका. बचावासाठी मदतनीस घेण्याची सोय नियमांत आहे. संघटनेचा अनुभवी माणूस इथे खऱ्या अर्थाने कामाला येतो.

संघटना काय करू शकते, हे मी स्वतः अनुभवलं आहे. माझा परीक्षेचा अर्ज मधल्या एका कार्यालयात पडून राहिला. यादी लागली तेव्हा माझं नाव नव्हतं. माझ्याजवळ अर्जाची प्रत होती आणि तारखेसह पोच होती. आमच्या डिव्हिजनल सेक्रेटरींनी त्या दोन कागदांवर निवेदन दिलं आणि मला तात्पुरत्या प्रवेशावर परीक्षेला बसता आलं. त्याच यादीत आणखी एकीचं नाव राहिलं होतं. अर्ज तिनेही वेळेत दिला होता, पण पोच घेतली नव्हती. तिच्यासाठीही सेक्रेटरी तितक्याच तळमळीने बोलले. दाखवायला कागद नव्हता, म्हणून काही होऊ शकलं नाही. संघटनेचं बळ सभासदाच्या कागदावर उभं असतं.

पण संघटना पास करून देऊ शकत नाही. जो तसं सांगतो, त्याच्यापासून दूर राहा. रिक्त जागांची संख्या जाहीर करायला लावणं, पात्रतेचा चुकीचा अर्थ लावला तर दाद मागणं, चुकीच्या उत्तरतालिकेवर हरकत घेणं, परीक्षा वेळेवर घ्यायला लावणं, ही संघटनेची कामं. मार्क मिळवणं आपलं काम. "वर ओळख आहे, एवढे द्या, काम होईल," असं म्हणणारा माणूस युनियनचा बिल्ला लावून आला तरी एक रुपया देऊ नका. सरकारी भरती परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध २०२४ मध्ये केंद्राचा कायदा आला आहे. केंद्रीय खात्यांच्या भरती परीक्षा त्यात येतात. गैरप्रकार करणाऱ्याला तीन ते पाच वर्षं कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि गावातल्या मुलांनाही हे सांगा की ग्रामीण डाक सेवकाची नेमणूक दहावीच्या गुणांवर होते. त्यासाठी फोन करून पैसे मागणारा माणूस ठगच असतो.

आता अभ्यासाकडे वळते. इथेही ऐकीव माहितीच घात करते. जुन्या नोट्स हातोहात फिरतात, कुणाच्या काकांनी काढलेल्या, कुणी बाजारातून आणलेल्या. पण खातं बदलत असतं. १८९८ चा टपाल कायदा गेला, त्याच्या जागी २०२३ चा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. ज्येष्ठ नागरिक योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून १५ लाखांवरून ३० लाख झाली. मासिक प्राप्ती योजनेत एका व्यक्तीसाठी साडेचारचे नऊ लाख आणि संयुक्त खात्यासाठी नऊचे पंधरा लाख झाले. १ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. जुन्या नोट्स पाठ करणारा मुलगा मेहनती असतो, पण परीक्षेत जुनं उत्तर चूकच ठरतं. मेहनत करणाऱ्याचे गुण असे गेलेले पाहिले की फार वाईट वाटतं.

यावर मी पाळलेला नियम सांगते. प्रत्येक नोंदीच्या वर तारीख आणि परिपत्रकाचा क्रमांक लिहायचा. क्रमांक नसलेली माहिती वहीत घ्यायची नाही. अभ्यासक्रम अधिसूचनेतूनच उतरवून घ्यायचा. दर परीक्षेच्या अधिसूचनेत पात्रता, सेवेची वर्षं, वयाची अट आणि पेपरची रचना नव्याने वाचायची, कारण भरती नियम बदलतात. मराठीचा पेपर गृहीत धरू नका. आपली भाषा म्हणून आपण तिच्याकडे पाहत नाही आणि शब्दांचं भाषांतर व पत्रलेखनात गुण घालवतो. संगणकावरच्या टंकलेखनाचा सराव रोज करा. ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांनी सब पोस्ट ऑफिसच्या सहकाऱ्याला विचारायला संकोच करू नये.

वेळेचं काय, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. आपलं काम कागदावर चार-पाच तासांचं असतं. पण टीआरसीएवर घर चालत नाही, म्हणून कुणाचं दुकान असतं, कुणाची शेती. आमच्याकडे जून-जुलैत लावणी आली की पुस्तक उघडणं होत नाही. बायकांना तर घर, शेत आणि ऑफिस ही तिन्ही कामं असतात. त्यावर आम्ही मार्ग काढला. संघटनेच्या मासिक बैठकीचा शेवटचा भाग अभ्यासासाठी ठेवला. एका बैठकीत एकाच नियमाचं वाचन, मग त्यावर प्रश्न. रजेचे नियम झाले, वर्तणुकीचे झाले, बचत योजनांचे झाले. त्याचा परिणाम दोन्हीकडे दिसला. परीक्षेला बसणाऱ्यांचा अभ्यास झाला आणि निवेदनं लिहिणाऱ्यांची भाषा बदलली. "आमच्यावर अन्याय होतोय" या वाक्याच्या जागी नियमाचा क्रमांक आला. अशा निवेदनाकडे दुर्लक्ष करणं अधिकाऱ्यांना अवघड जातं.

आपल्याला जे संरक्षण आहे, तेही नियम वाचणाऱ्यांनीच मिळवलेलं आहे. १९७७ साली राजम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, त्या काळी ज्यांना अतिरिक्त विभागीय कर्मचारी म्हणत, त्यांची पदं नागरी पदं आहेत आणि चौकशी व बचावाची संधी दिल्याशिवाय त्यांना काढता येत नाही. आज कुठल्याही शाखा डाकपालाला नुसतं "उद्यापासून येऊ नका" म्हणता येत नाही, त्यामागे हा निकाल आहे. उलट, नियमाकडे दुर्लक्ष झालं तर संघटनाही अडचणीत येते. एप्रिल २०२३ मध्ये खात्याने निधीच्या वापराचं कारण देऊन एका मोठ्या टपाल महासंघाची मान्यता काढून घेतली. त्या कारवाईवर मोठा वाद झाला. पण १९९३ चे संघटना-मान्यतेचे नियम आणि वर्गणीचा हिशेब प्रत्येक सभासदाला माहीत असला पाहिजे, हे त्यातून स्पष्ट झालं. आपल्या वर्गणीचं काय होतं, हे विचारणं हा संघटनेवर अविश्वास नाही. ते सभासदाचं कर्तव्य आहे.

निकाल लागल्यावर मनासारखं झालं नाही, तरी चहाच्या टपरीवर "घोटाळा झाला" म्हणून सोडून देऊ नका. माहिती अधिकाराखाली दहा रुपये भरून आपली उत्तरपत्रिका पाहता येते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीचा हा हक्क मान्य केला आहे. चूक दिसली तर दाद मागा. नसेल दिसली, तर कुठे कमी पडलो ते तरी कळतं. आणि पास होऊन वरच्या पदावर गेलात तर मागे राहिलेल्यांना विसरू नका. एकदा पोस्टल असिस्टंट झालं की ग्रामीण डाक सेवकांचे प्रश्न आपले वाटेनासे होतात, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. शाखा डाकघर बंद पडलं तर आपल्या सब पोस्ट ऑफिसचा पायाही खचतो.

नव्याने लागलेल्या माझ्या भावंडांनो, संघटनेचे सभासद व्हा आणि परीक्षेचा फॉर्मही भरा. कुणी काहीही सांगितलं, मग तो साहेब असो, पुढारी असो की मी, तरी एकच विचारा: कागद कुठे आहे? कागद दाखवला तर वाचा, नसेल तर त्या शब्दावर आपलं एक वर्षही पणाला लावू नका.