त्रिकोणाचे कोन : मोजणे व शोधणे

हेतू : त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८०° असते, हे सूत्र विद्यार्थी लवकर पाठ करतात. मग दोन कोन मोजून तिसरा वजाबाकीने लिहिण्याची सवय त्यांना जडते. अशाने मोजणीतील चूक तिसऱ्या कोनात दडते आणि बेरीज मात्र बिनचूक दिसते. म्हणून तिन्ही कोन मोजावयाचे व सूत्र पडताळ्यासाठी वापरावयाचे, हे या पाठात शिकवावे.

साहित्य : सरळ काठी, ओळंबा, मोजपट्टी, कोनमापक.

कृती : २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास सपाट पटांगणात १०० सें. मी. उंचीची काठी ओळंब्याने उभी करावी. दुपारी बारा ते एक या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करवावी. सर्वांत आखूड सावली मध्यान्हीची होय. बुलढाण्यास ती सुमारे ३७ सें. मी. भरते. १० सें. मी. साठी १ सें. मी. हे प्रमाण घेऊन काठी, सावली व किरण यांचा त्रिकोण वहीत काढवावा आणि तिन्ही कोन मोजवावेत. काठीच्या पायथ्याशी काटकोन, टोकाशी सुमारे २०½° व सावलीच्या टोकाशी सुमारे ६९½° मिळतील. टोकाचा कोन म्हणजेच गावाचा अक्षांश. लोणारास तो सुमारे २०°, तर मलकापुरास सुमारे २१° येतो.

सूचना : कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असल्याने ७०° ऐवजी ११०° वाचले जातात. म्हणून कोन लघू की विशाल, हे मोजण्यापूर्वीच विचारावे. बेरीज १७९° किंवा १८१° आल्यास आकडा खोडू देऊ नये. कोनमापकाचा मध्य शिरोबिंदूवर होता काय, हे पाहून पुन्हा मोजवावे. प्रामाणिक १७९° हे ओढूनताणून आणलेल्या १८०° पेक्षा अधिक मोलाचे मानावे.

१८०२ साली मद्रासेजवळ त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ साली विदर्भातील हिंगणघाट येथे, त्याच कार्यात असता, निधन पावले. त्या मोजणीतही शक्य तेथे तिन्ही कोन मोजून बेरजेने चूक पारखीत असत.

सराव : (१) विषुवदिनी मध्यान्ही काठीच्या टोकाशी २१° कोन झाला, तर सावलीच्या टोकाशी किती? (२) एका विद्यार्थ्याने ४८°, ६७° व ६८° असे कोन मोजले. चूक किती अंशांची? ती कोणत्या कोनात आहे, हे केवळ बेरजेवरून सांगता येईल काय?